आधी हवा, मग सेन्सर

घोड्याच्या नालासारखा आकार, खाली टायरच्या नक्षीचे दात आणि मधोमध उद्गारचिन्ह. डॅशबोर्डवरचा हा पिवळा दिवा नव्या गाडीत लागला की मालक पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबतो. तोच दिवा आठ-दहा वर्षांच्या गाडीत लागला की पहिला विचार येतो तो ‘सेन्सर गेला असणार’ हाच. पुष्कळदा तो खरोखर गेलेलाही असतो. पण अशा पाच-सहा अनुभवांनंतर दिव्याकडे बघण्याची सवयच मोडते, आणि ज्या दिवशी टायरमधली हवा खरोखर कमी होते त्या दिवशीही तो दिवा दुर्लक्षित राहतो. जुन्या गाडीतला हा बिघाड शोधण्याला एक ठरलेला क्रम आहे. त्याची सुरुवात हवेपासून होते आणि शेवट इलेक्ट्रॉनिक्समध्ये. हा क्रम नीट पाळला तर शेवटी एक साधी गोष्ट पटते: चाकातला सेन्सर हा टायरसारखाच वापरून संपणारा भाग आहे, आणि त्याला तसेच वागवले तर या दिव्यावरचा विश्वास परत मिळवता येतो.

हा विश्वास का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी दिव्याचा इतिहास थोडक्यात बघायला हवा. टायरचा दाब गाडीनेच मोजावा ही सोय प्रवासी गाडीत पहिल्यांदा आली ती १९८६ मध्ये, पोर्शे ९५९ या अतिवेगवान गाडीत. सामान्य माणसाच्या गाडीत ती पोहोचली ती मात्र अमेरिकेतल्या अपघातांच्या एका भीषण मालिकेनंतर. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर भर वेगात सुटत होता आणि गाड्या उलटत होत्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. या अपघातांशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंचा अमेरिकी सरकारी आकडा पुढे २७१ वर गेला. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांमध्ये कडाक्याचा वाद झाला, आणि त्या वादातला एक मुद्दा हवेचा होता. फोर्डने या टायरसाठी २६ पीएसआय दाब सुचवला होता, तर टायर कंपनी ३० वर ठाम होती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, रबराची ओढाताण वाढते, ओढाताणीतून उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने थरांमधला जोड ढिला पडतो. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत ट्रेड ॲक्ट हा कायदा झाला. त्याखाली आलेल्या नियमाने १ सप्टेंबर २००७ पासून तिथल्या बाजारासाठी तयार होणाऱ्या सगळ्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची केली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. आज अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात जे काही विकले जाते, त्यातल्या बहुतेक गाड्यांच्या चाकांत किंवा संगणकात ही यंत्रणा आहे, आणि तिचे वय झाले आहे.

या अमेरिकी नियमातल्या दोन गोष्टी दुरुस्तीच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे, गाडीच्या दारावरच्या पट्टीवर छापलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. दुसरी म्हणजे, यंत्रणाच बिघडली असेल तर तेही गाडीने सांगितले पाहिजे. हे दोन्ही निरोप बहुतेक गाड्यांत एकाच दिव्यातून येतात, पण वेगळ्या रीतीने. चावी फिरवल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर ती बल्बची नेहमीची तपासणी. लागला आणि शांतपणे लागलेलाच राहिला, तर एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे. मिनिट-दीड मिनिट उघडझाप करून मग स्थिर झाला, तर कुठल्या तरी सेन्सरकडून निरोप येत नाही किंवा यंत्रणेतच दोष आहे. उघडझापीची मुदत नियमात ६० ते ९० सेकंद अशी दिलेली आहे. पहिल्या दीड मिनिटातली ही खूण बहुतेक चालकांच्या नजरेतून सुटते, कारण तेवढ्यात गाडी फाटकाबाहेर पडून रहदारीत शिरलेली असते आणि नंतर दोन्ही प्रकारांत दिवा सारखाच दिसतो. म्हणून बिघाड शोधायची सुरुवात गाडी उभी असताना करावी: चावी फिरवावी, घड्याळ बघावे आणि दीड मिनिट दिव्यावरून नजर हलवू नये. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही.

त्यानंतर दाबमापक हातात घ्यावा, दिवा कसाही वागला असो. टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीनेक तास उभी असताना, चारही चाकांचा आणि स्टेपनीचाही दाब मोजावा. तो दारावरच्या पट्टीशी ताडून बघावा. टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. स्टेपनीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण काही गाड्यांत, विशेषतः टोयोटा आणि लेक्ससच्या काही मॉडेलमध्ये, पाचवा सेन्सर स्टेपनीत बसवलेला असतो. चारही चाकांत हवा बरोबर असूनही दिवा विझत नाही, मेकॅनिक सेन्सरवर सेन्सर तपासत बसतो, आणि खरे कारण डिकीच्या तळाशी वर्षानुवर्षे न बघितलेल्या चाकात असते.

हवेपासून सुरुवात करण्याचे दुसरे कारण हवामानात आहे. चांगल्या टायरमधूनही महिन्याला पीएसआयभर हवा आपोआप झिरपते, आणि तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे दीड पीएसआयने घटतो. समजा, दुपारी टायरचे तापमान ३५ अंश असताना दाब २८ भरला, जेव्हा पट्टीवर ३२ लिहिलेले आहे. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर तोच दाब साडेचोवीसच्या आसपास येतो. ३२ चे पंचवीस टक्के वजा केले तर २४ उरतात, म्हणजे गाडी दिवा लावण्याच्या अगदी उंबरठ्यावर उभी आहे. सकाळी दिवा लागतो, तासाभराच्या प्रवासात टायर तापतो, दाब चढतो, दिवा विझतो, आणि मालक म्हणतो की सेन्सर वेडा झालाय. सेन्सरने मात्र दोन्ही वेळा खरेच सांगितले. इथे मेकॅनिकचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे: म्हातारी बॅटरीही थंडीतच दगा देते, मग सकाळी लागणारा दिवा बॅटरीचा कशावरून नसेल? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या दीड मिनिटात आहे. सकाळचा दिवा स्थिर असेल तर हवा, उघडझाप करणारा असेल तर बॅटरी. एकाच पहाटेची ही दोन कारणे नुसत्या डोळ्यांनी वेगळी करता येतात.

हवा बरोबर करूनही दिवा राहिला, तर पुढचा प्रश्न असा, की आपल्या गाडीच्या चाकात सेन्सर आहे तरी का? सगळ्याच गाड्यांत तो नसतो. होंडा आणि फोक्सवॅगन यांच्या कित्येक मॉडेलमध्ये अप्रत्यक्ष पद्धत वापरलेली आहे. त्यात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे तेवढेच अंतर कापायला ते बाकीच्यांपेक्षा जरासे जास्त फिरते, आणि एबीएससाठी बसवलेले वेगाचे सेन्सर हा फरक पकडतात. अशा गाडीत हवा भरल्यावर मेनूतून किंवा बटण दाबून ‘हा दाब बरोबर’ असे गाडीला शिकवावे लागते. ते राहून गेले तर दिवा जळतच राहतो. आणि हवा कमी असतानाच शिकवले, तर गाडी कमी हवेलाच बरोबर समजते आणि गप्प बसते. जुन्या अप्रत्यक्ष यंत्रणेला चारही चाकांतली हवा सारखीच घटली तर ते कळणेही कठीण, कारण तुलना करायला वेगळे चाकच उरत नाही. अशा गाडीच्या मालकाला कुणी ‘चार सेन्सर बदला’ असे सांगितले तर ते नसलेल्या वस्तूचे बिल ठरेल. गाडीचे माहितीपुस्तक उघडून एवढे बघून घेण्यात पाच मिनिटे जातात.

चाकात खरोखर सेन्सर असेल, तर तो काय करतो हे जवळून बघू. टायर रिमवरून उतरवला की वॉल्व्हच्या आतल्या टोकाला काडेपेटीहून लहान अशी काळी प्लास्टिकची डबी चिकटलेली दिसते. वजन साधारण तीस ग्रॅम. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरू लागल्याचे ओळखणारा घटक, छोटा रेडिओ आणि बटणाच्या आकाराची लिथियम बॅटरी असते. ओल आणि हादरे सोसावे म्हणून हे सारे रेझिनमध्ये ओतून बंद केलेले असते. त्यामुळे बॅटरी बदलायची सोयच नाही. बॅटरी संपली की सेन्सर संपला. गाडी उभी असताना हा सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो. गाडी थोडा वेग घेते, चाकाच्या फिरण्याने तो जागा होतो आणि मग ठरावीक अंतराने, बऱ्याच गाड्यांत मिनिटा-मिनिटाला, स्वतःचा क्रमांक आणि दाब प्रसारित करतो. अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर, युरोपात आणि भारतात ४३३ मेगाहर्ट्झवर. इतकी काटकसर करूनही बॅटरी पाच ते दहा वर्षे टिकते, आणि रोज लांब पल्ला मारणाऱ्या गाडीत त्यातल्या अलीकडच्या टोकाला संपते. ‘जुनी गाडी’ आणि ‘मेलेला सेन्सर’ या गोष्टी इतक्या वेळा एकत्र येतात त्याचे कारण हेच.

आता उपकरणाची वेळ येते. टायरच्या चांगल्या दुकानात हातात धरायचे एक यंत्र असते. ते वॉल्व्हजवळ टायरच्या बाजूला टेकवले की १२५ किलोहर्ट्झचा इशारा देऊन झोपलेल्या सेन्सरला उठवते, आणि त्याचा क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थिती पडद्यावर दाखवते. हे चारही चाकांवर करावे आणि आलेले क्रमांक ओबीडी सॉकेटमधून वाचलेल्या, गाडीच्या स्मरणातल्या क्रमांकांशी ताडून बघावेत. एवढ्या माहितीवरून निदान जवळजवळ तर्कानेच होते. एक चाक गप्प आणि तीन बोलतात, तर त्या चाकातला सेन्सर मेला किंवा टायर चढवताना तुटला. चारही बोलतात, पण एकाचा क्रमांक गाडीच्या यादीत नाही, तर कुणीतरी दुसरे चाक किंवा नवा सेन्सर बसवून गाडीला शिकवायचे विसरले. इथे काहीही विकत घ्यायची गरज नाही. चारही बोलतात, क्रमांकही जुळतात आणि तरी दिवा उघडझाप करतो, तर बोलणाऱ्यांना सोडून ऐकणाऱ्याकडे वळावे: रिसीव्हर, त्याची वायर, एखादा सैल कनेक्टर, किंवा नव्याने लावलेला सिगारेट सॉकेटमधला स्वस्त चार्जर, जो त्याच रेडिओपट्ट्यात गोंगाट करतो. चारही गप्प असतील, तर चार सेन्सर एका दिवसात मेले असे मानण्यापूर्वी यंत्रात गाडीचे मॉडेल आणि वारंवारता बरोबर निवडली आहे का ते बघावे. दुसऱ्या देशातून आलेल्या रिमवर दुसऱ्या वारंवारतेचे सेन्सर असू शकतात. ते जिवंत असूनही या गाडीला ऐकू येत नाहीत.

या तपासणीत वॉल्व्हकडे कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. धातूच्या वॉल्व्हचा दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. साध्या टायरमधली पितळी पिन त्यात बसवली, की पावसाचे पाणी आणि मीठ यांच्या संगतीत दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. काही वर्षांनी टोपी काढायला जावे तर ती दांड्यावर घट्ट जाम झालेली, कडेला पांढरी भुकटी साचलेली, आणि जोर लावला की दांडाच मोडून हातात येतो. त्या क्षणी चाकातली सगळी हवा जाते. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे हे नेहमीचे. आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेतही धातूला हाच धोका आहे. म्हणून अशा वॉल्व्हला निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि प्लास्टिकची टोपी लावावी, आणि दर वेळी टायर उतरवताना रबरी सील, नट आणि पिन नवी घालावी. हे सुटे भाग सेन्सरच्या मानाने फार स्वस्त असतात. सेन्सर धडधाकट असताना केवळ सील कडक झाल्याने हवा झिरपत असेल, तर साबणाचे पाणी वॉल्व्हच्या बुडाशी लावताच बुडबुडे दिसतात. पंक्चरसाठी टायरमध्ये ओतलेले सीलंट सेन्सरच्या बारीक छिद्रात बसले तरी दाब चुकीचा दिसतो. ते आधी वापरले असेल तर दुकानदाराला सांगणे आपले काम आहे.

एक सेन्सर मेला तर एकच बदलायचा की चारही? यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलले जाते. ‘चालू वस्तू कशाला फेकायची’ हा आक्षेप काटकसरीच्या आपल्या संस्काराला धरून आहे, आणि एका परिस्थितीत तो पूर्ण बरोबर आहे: दोन वर्षांच्या गाडीत सेन्सर तुटला असेल तर एकच बदलावा. पण आठव्या-नवव्या वर्षी एक बॅटरी संपली असेल, तर बाकीच्या तीन त्याच महिन्यांत बनलेल्या, तितकेच किलोमीटर धावलेल्या असतात. प्रत्येक वेळी चाक काढणे, टायर उतरवणे, चढवणे, बॅलन्सिंग करणे आणि गाडीला क्रमांक शिकवणे ही मजुरी वेगळी पडते. ती चार वेळा देण्यापेक्षा नवे टायर टाकायच्या वेळी चारही सेन्सर बदलणे स्वस्त पडते, कारण टायर तेव्हा उतरलेलाच असतो. आणखी एक सोय कमी लोकांना माहीत आहे. बाजारात प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर मिळतात, त्यांना जुन्या सेन्सरचा क्रमांक देता येतो. मग गाडीला नवे काही शिकवावे लागत नाही. तिच्या लेखी जुनाच सेन्सर बोलत असतो. मात्र मेलेल्या सेन्सरचा क्रमांक उपकरणाला वाचता येत नाही. म्हणून सेन्सर जिवंत असतानाच चारही क्रमांक वाचून लिहून ठेवणे ही फार उपयोगी सवय आहे.

‘इतकी वर्षे याशिवाय चाललेच ना, टायर बघितला की हवा कळते’ हा सर्वात मोठा आक्षेप. रेडियल टायरच्या बाबतीत तो टिकत नाही. त्याची बाजू योग्य हवेतही थोडी फुगलेलीच दिसते, आणि ३२ चे २५ झाले तरी नजरेला ठळक फरक जाणवत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की ही यंत्रणा असलेल्या गाडीत एखाद्या टायरमधली हवा धोकादायक प्रमाणात कमी असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्क्यांनी घटते. त्या गाड्यांच्या चालकांनाही डोळे होतेच. याच्या उलट टोकाचा आक्षेप असा, की सेन्सर आहे तर हाताने हवा तपासायची गरजच काय. तोही चूक आहे. दिवा बोलतो तो चौथा हिस्सा हवा गेल्यावर. ३२ पासून २५ पर्यंत टायर झिजतो, पेट्रोल जास्त जाते, ब्रेकचे अंतर वाढते, आणि दिवा गप्प असतो. महिन्यातून एकदा दाबमापक लावण्याला पर्याय नाही. तिसरा मार्ग म्हणजे वॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सर. जुन्या गाडीला ते उपयोगी पडतात, बॅटरीही बदलता येते. पण रबरी वॉल्व्हवर त्यांचे वजन पडते, चोरीची भीती राहते आणि डॅशबोर्डवरचा मूळ दिवा त्यांच्यामुळे विझत नाही. तो दिवा चिकटपट्टीने झाकणे किंवा बल्ब काढणे हा तर उपायच नव्हे. विकलेल्या गाडीतून तो पुढच्या मालकाला दिलेला धोका असतो.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर, दाबमापन यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे अशा गाडीत वेळीच इशारा मिळेल हे गृहीत धरून पाचवे चाक काढून टाकले आहे. त्या गाड्यांच्या बॅटऱ्या संपू लागतील तेव्हा दिवा उघडझाप करेल, आणि मालकाने त्याची सवय करून घेतली तर त्याच्याकडे स्टेपनीही नसेल आणि इशाराही नसेल. टायरचे वय लपत नाही. ज्या आठवड्यात आणि वर्षी तो बनला ते चार आकड्यांत त्याच्या अंगावर कोरलेले असते. सेन्सर मात्र टायरच्या आत, नजरेआड असतो. म्हणून नवे टायर टाकताना चारही सेन्सरच्या क्रमांकांबरोबर ते बसवल्याची तारीख एका कागदावर लिहावी आणि तो कागद गाडीच्या विम्याच्या पाकिटात ठेवावा. आठ वर्षांनी दिवा उघडझाप करू लागला, की आधी दाबमापक लावावा आणि मग तो कागद उघडावा.